पुरुमेंत: गोव्यातली मिरगाआधीची बेगमी — किती, कधी आणि काय का बिघडतं

झरीकाठ (फोंडा) · २ एप्रिल

दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे एकदम प्रश्नांची सर येते. सोलं (कोकमाच्या सुकवलेल्या साली) चिकट का झाली, तोरां (कोवळ्या कैऱ्या) मऊ का पडली, बिकणांना (फणसाच्या आठळ्यांना) मोड का आले? तोवर दुरुस्ती करायला ऊनच उरलेलं नसतं. म्हणून यंदा धागा एप्रिलच्या सुरुवातीलाच काढतो आहे. ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते प्रमाणासकट लिहावं, आणि बिघाड लिहिताना कारणही लिहावं.

आधी हिशोब. पाच माणसांच्या घराला जून ते सप्टेंबर चार महिने धरले, तर माणशी दिवसाला ३५० ग्रॅम या मापाने उकडे तांदूळ २१० किलो लागतात. सकाळची पेज यात आली. सोलं अडीच-तीन किलो, सुक्या मिरच्या तीन किलो, बिकणां दहा किलो. नारळ दिवसाला एक, वर चवथ (गणेश चतुर्थी) आणि पाहुणे मिळून दीडशे. खोबरेल आठ लिटर. बाणावली जातीच्या माडाचे नारळ असतील तर लिटरमागे १० ते १२ लागतात, म्हणजे तेलासाठी शंभरेक नारळ निराळे काढायचे. मीठ, तोरांचं धरून, २५ किलो.

कामाचा क्रम झाडं ठरवतात. मिरच्या मार्चमध्येच सुकून डब्यात गेलेल्या असायला हव्यात. आता तोरां, मग खोबरं आणि फणस, मेमध्ये भिरंडं (कोकमाची फळं). रोहिणी लागल्या, म्हणजे २५ मेच्या सुमारास, की नवीन काही सुकत घालायचं नाही; जे झालंय त्याला शेवटचं ऊन दाखवायचं आणि बंद करायचं. ७-८ जूनला मिरग. या वेळापत्रकात मागे फक्त भिरंडं पडतात आणि खरा गोंधळ तिथेच होतो. त्यावर स्वतंत्र लिहीन.

खाजनबांध (तिसवाडी) · २ एप्रिल

दादा, यादीत मीठ शेवटी टाकलंत. माझ्या मते ते पहिलं हवं. पुरुमेंतातले निम्मे बिघाड मिठाचे असतात आणि दोष मात्र पावसाला जातो.

मिठागरातून यंदा निघालेलं नवं मीठ ओलं असतं. त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहिलेले असतात, ते हवेतलं पाणी ओढतात. अशा मिठात घातलेली सोलं कितीही उन्हात टाका, संध्याकाळी पुन्हा पाझरतात. दुसरी गोष्ट वजनाची. ओल्या मिठाच्या किलोत पाण्याचंच वजन बरंच असतं, त्यामुळे प्रमाण बरोबर घातलं तरी खार फिका होतो आणि तोरां मऊ पडतात.

उपाय जुनाच आहे. मीठ बांबूच्या टोपलीत भरायचं, टोपली दोन काठ्यांवर ठेवायची आणि खाली मडकं. कडवट पाणी थेंब थेंब गळून जातं. ते मडक्यातलं पाणी फेकायचं, परत मिठात घालायचं नाही. एक पावसाळा असं मुरलेलं गेल्या वर्षीचं मीठ पुरुमेंताला, आणि नवं मीठ टोपलीत पुढच्या वर्षासाठी. पारख सोपी आहे: मूठभर मीठ रात्री काचेच्या बशीत उघडं ठेवा. सकाळी बशीच्या तळाला पाणी सुटलेलं असेल तर ते अजून मुरलेलं नाही. जिभेच्या मुळाशी कडवटपणा लागतो तोही याच क्षारांचा.

आगरवाडा, हडफडें, रायबंदर इथलं मीठ अजून मिळतं. मिठागरांचं काम पावसाआधी आटपतं, त्यामुळे खरेदी एप्रिल-मेमध्येच उरका. पाकिटातलं बारीक मीठ खाराला घालू नका. ते मोकळं राहावं म्हणून त्यात जे मिसळतात त्याने खार गढूळ होतो, आणि मग बिघडलाय की नाही ते डोळ्यांनी कळत नाही.

काणकोणची_माई · ४ एप्रिल

मिठाचं अगदी बरोबर. आता तोरां, कारण दिवस थोडे उरलेत. सखल भागातल्या झाडांच्या कैऱ्यांत बाठा धरला आहे, डोंगरातल्या रायवळ झाडांची अजून मिळतील.

तोर सुरीने आडवं कापून बघावं. आतली कोय सहज कापली गेली तर ते खारात घालायचं, सुरी अडली तर लोणच्याला किंवा सुकवायला. झाड हलवून पाडलेलं तोर घेऊच नये. वरून दिसत नाही, पण जिथे आपटलं तिथला गर आठ दिवसांत पाणथळ होतो आणि तिथूनच अख्खी बरणी जाते. झेल्याने काढावं, देठ बोटाच्या पेराएवढा ठेवावा. देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो, काळे डाग पडतात, आणि हात-तोंडही भाजतं.

धुऊन, पुसून, रात्रभर फडक्यावर पसरून ठेवावीत. दहा किलो तोरांना अडीच किलो मुरलेलं जाडं मीठ. बुयांवाच्या (चिनी मातीच्या मोठ्या बरणीच्या) तळाला मिठाचा थर, मग तोरांचा, मग परत मीठ, असं करत सगळ्यात वर मीठच यायला हवं. त्यावर लाकडी चकती आणि धुऊन वाळवलेला जड धोंडा. दगड असा घ्यावा की मिठाने किंवा आंबट पाण्याने झिजणार नाही. चिरा (जांभा दगड) चालत नाही, काळा गुळगुळीत नदीतला धोंडा घ्या. दाबाने दोन-तीन दिवसांत पाणी सुटतं आणि तोरां चेपत जातात, म्हणून ही चेपणीची तोरां. चौथ्या दिवशीही खार तोरांच्या वर आला नसेल तर लिटरभर पाण्यात पाव किलो मीठ उकळून, पूर्ण गार करून वरून ओतावं. कोमट ओतलं तर तोरां शिजल्यासारखी होतात.

पावसात वर पांढरी साय येते. घाबरू नये. साय काढावी, चकती-धोंडा उकळत्या पाण्यातून काढून उन्हात किंवा चुलीजवळ सुकवावा, वर मूठभर मीठ पसरावं. पण खाराला तार सुटली, किंवा आंबूस सोडून कुजका वास आला, तर ते टाकून द्यायचं. त्यावर उपाय नाही.

नवा_संसार (वास्को) · ४ एप्रिल

माई, फ्लॅटमध्ये हे जमेल का? बाल्कनीत सकाळचं तीन तास ऊन येतं. बुयांव नाही, काचेच्या बरण्या आहेत.

काणकोणची_माई · ५ एप्रिल

तोरांना ऊन लागतच नाही बाय, काचेची बरणी उत्तम. फक्त उजेडात ठेवू नका आणि झाकण धातूचं नको, खाराने गंजतं. दोन किलो तोरांना अर्धा किलो मीठ घ्या. धोंड्याऐवजी पाणी भरून घट्ट बंद केलेली लहान काचेची बाटली वर दाबून बसवा. बरणी आधी धुऊन, वाळवून, निखाऱ्यावर हिंग टाकून त्या धुरीवर पालथी धरा. निखारा नसेल तर निदान कडक वाळवा.

सोलं मात्र तीन तासांच्या उन्हात करायच्या भानगडीत पडू नका. तुम्ही आगळ (भिरंडांचा खारवलेला रस) करा, त्याचं प्रमाण झरीकाठ देतीलच.

सत्तरीवाली (वाळपई) · २१ एप्रिल

फणस आता रोजचेच झाले आहेत, तेव्हा बिकणांचं लिहिते.

रसाळ (बरका) आणि कापा, दोन्ही फणसांची बिकणां चालतात. गरा काढल्याबरोबर बिकणावरचं बुळबुळीत आवरण काढून दोन पाण्यांत चोळून धुवावीत. ते राहिलं की दुसऱ्या दिवशी आंबतं आणि साठवणीत तिथेच बुरशी धरते. धुताना पाण्यावर तरंगतील ती टाकून द्यायची, आतून पोकळ किंवा किडकी असतात. मग सावलीत दोन दिवस, वरची साल पांढरी कोरडी दिसेपर्यंत. कडक उन्हात नको. साल तडकते, आणि तडकलेलं बिकण एक तर दगडासारखं वाळतं नाही तर कुजतं.

तांबडी माती चाळून घ्यावी, रोयणीची (वारुळाची) मिळाली तर फारच छान. पाण्यात कालवून दाट लापशी करायची, बिकणां त्यात घोळवायची आणि परत सावलीत वाळवायची. प्रत्येक बिकणावर मातीचं कवच धरलं पाहिजे. मग मडक्यात किंवा घरातल्या कोरड्या कोपऱ्यात रास. चवथीपर्यंत सहज टिकतात, पुढेही. बिकण जिवंत असतं हे लक्षात ठेवलं की बाकी सगळं कळतं: जास्त ओल मिळाली तर मोड येतो, पार कोरडं पडलं तर मरतं आणि शिजत नाही. मातीचं कवच त्याला मधल्या ओलीत धरून ठेवतं.

झरीकाठ · २१ एप्रिल

कोरड्या वाळूत थर देऊनही टिकतात. नदीची वाळू तापवून, गार करून वापरायची. काढायला सोपं, धुवायला सोपं.

सत्तरीवाली · २२ एप्रिल

टिकतात, पण श्रावणापर्यंत. तापवलेली वाळू बिकणातलं पाणी ओढते आणि मग कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी आत कचकच राहते. मातीतलं तीन शिट्ट्यांत होतं. वाळूत ठेवायचीच असतील तर ती जुलैअखेर संपवायची आणि मातीतली मागे राखायची. आणि कुणी समुद्राची वाळू घेऊ नका. तिच्यात मीठ असतं, म्हणजे परत पाणी.

साटांचं (फणसपोळीचं) थोडक्यात: रसाळ फणसाचा गर चाळणीतून घासून घ्यायचा. हाताला आणि सुरीला आधी खोबरेल, नाहीतर चीक निघत नाही. पसरट ताटाला खोबरेलाचं बोट फिरवून जेमतेम सुरीच्या पात्याच्या पाठीएवढा जाड थर द्यायचा, कडक उन्हात ठेवायचा, वर सुकला की दुसरा थर. पहिला ओला असताना दुसरा दिला तर मध्ये आंबतं आणि साट फुगतं. तिसऱ्या थरानंतर सोडवून उलटं करून वाळवायचं.

खाजनबांध · ३० एप्रिल

वायंगणाचं (उन्हाळी पिकाचं) भात आलंय, ज्यांच्याकडे कोरगूट (खाजन शेतातलं भात) शिल्लक आहे तेही आताच उकडतात, म्हणून उकड्याबद्दल चार ओळी.

भात भाणात (मोठ्या हंड्यात) घालून वर कढत पाणी, रात्रभर झाकून. थंड पाण्यात दिवसापेक्षा जास्त भिजवलं की आंबतं आणि तो वास तांदळाला शेवटपर्यंत राहतो. पुष्कळांना वाटतं उकड्याला वास असतोच. तसं नाही, तो वास भिजवण्यातल्या चुकीचा असतो. सकाळी ते पाणी काढून तळाला ताजं पाणी, आणि वाफेवर टरफल फुटायला लागेपर्यंत. सगळी टरफलं फुटायची वाट बघितली तर तांदूळ बाहेर येतो आणि चिकटतो.

वाळवण्यात खरं कसब. पहिल्या दिवशी पातळ पसरून सारखं पायाने फिरवत राहायचं. हाताला चिकटेनासं झालं की रास करून तीन-चार तास झाकून ठेवायचं. आतली ओल वर येते. मग परत ऊन. ही मधली विश्रांती चुकवली तर दाणा बाहेरून आवळतो, आतून ओला राहतो आणि गिरणीत निम्मा कणी होतो. वाळलं की नाही ते दातांनी बघायचं: दाणा कट्‌कन दोन तुकडे झाला पाहिजे, दबता कामा नये. कणगीत भरण्याआधी पूर्ण गार करा.

झरीकाठ · ९ मे

आता भिरंडं. सावकाश लिहितो, कारण पावसाळ्यातली हुमणं (माशांची आमटी), तेरें (रानअळूची भाजी), सोलकढी सगळी यावरच उभी आहेत.

फळ पूर्ण लाल ते जांभळट हवं. पिकलं की आपोआप गळतं. सकाळ-संध्याकाळ वेचून आणायचं, रात्रभर ओल्या मातीत पडलेलं सोलांना घ्यायचं नाही. धुऊन, पुसून अर्धं करायचं, बिया-गर एका भांड्यात, साली दुसरीकडे. दहा किलो फळात पाचेक किलो साली निघतात. गरावर अर्धा ते पाऊण किलो मुरलेलं मीठ घालून ठेवलं की रस सुटतो. भांडं चिनी मातीचं, काचेचं किंवा मातीचं. ॲल्युमिनियम नको, कल्हई नसलेलं तांबं-पितळ तर मुळीच नको. भिरंडाचा आंबटपणा भांडं खातो, रसाला धातूची चव लागते आणि पोटाला त्रास होतो.

साली पहिल्या दिवशी नुसत्याच उन्हात टाकायच्या. बरेच जण लगेच रसात बुडवतात. ताजी साल आधीच पाण्याने भरलेली असते, ती रस पिणार कशी? एका उन्हात कोमेजली की मग पिते. संध्याकाळी साली अजून कोमट असताना रसात दाबून ठेवायच्या, सकाळी हलक्या पिळून डाळीवर (बांबूच्या चटईवर) पसरायच्या. रस संपेपर्यंत पाच-सहा वेळा हेच. प्रत्येक फेरीला रंग गडद होत काळ्याकडे जातो. शेवटची दोन ऊनं रसाशिवाय. दहा किलो फळाची साधारण सव्वा ते दीड किलो सोलं होतात; सुरुवातीच्या हिशोबासाठी वीस-बावीस किलो भिरंडं पुरेत.

झालं हे ओळखायचं असं: सोल बोटांत दुमडलं तर वाकतं पण मोडत नाही, आणि चिमटीत दाबलं तर बोट ओलं होत नाही. ते मोडलं तर जास्त वाळलंय, रस्सा धरायला वेळ लागतो. बरणीत भरण्याआधी रात्रभर घरात गार होऊ द्या. उन्हातून आणून तापलेली सोलं बंद केली की झाकणाला आतून घाम सुटतो आणि तिथूनच बुरशी. हातांनी दाबून भरा, मध्ये हवा नको, बरणी अंधारात ठेवा. उजेडात रंग उडतो आणि सोलकढी गुलाबीऐवजी विटकरी दिसते.

नंतर सोलांवर पांढरं दिसलं तर दोन शक्यता. चोळून जातं, जिभेला खारट लागतं, ते मीठ. केसाळ आहे, कुबट वास आहे, ती बुरशी. तेवढीच नव्हे, आसपासचीही काढा.

बिया फेकू नका. राखेत चोळून, वाळवून, फोडून आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. गार झालं की वर भिरंडेल (कोकमाचं तेल) थिजतं. टाचांच्या भेगांना यापेक्षा चांगलं काही नाही.

काणकोणची_माई · १० मे

शेवटच्या उन्हाआधी आम्हा बायकांमध्ये सोलांना खोबरेलाचा हात लावायची पद्धत आहे. मऊ राहतात.

झरीकाठ · १० मे

मऊ राहतात माई, पण भाद्रपदात खवट लागतात. दोन महिन्यांत संपणाऱ्या बरणीला लावावं, चार महिन्यांच्या बरणीला नको.

काणकोणची_माई · १० मे

हे पटलं. लहान बरणीला तेल, मोठीला नाही.

शुक्रवारचा_बाजार (म्हापसा) · १८ मे

खरेदी करणाऱ्यांसाठी. मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्तात (जत्रेत) आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सगळं मिळतं, पण हात लावून घ्या. मिरची मुठीत दाबली की कडकडली पाहिजे आणि कानाशी हलवली की आत बी वाजलं पाहिजे. खोल्याची असो वा हरमलची, दबली आणि वाजली नाही तर ती महिन्यात आतून काळी पडते. देठासकट घ्या आणि वापरायच्या दिवशीच देठ काढा. देठ काढलेल्या भोकातून ओल आणि कीड दोन्ही शिरतात.

सुका बांगडा घेताना पोटाकडचा भाग दाबून बघा, मऊ नको. अंगावर तांबूस-गुलाबी छटा असेल तर सोडा. खाऱ्या मिठातच वाढणारे जंतू असतात, त्यांचा तो रंग आहे. सुरुवातीला दिसायला किरकोळ, पण पंधरा दिवसांत मासा चिकट होतो आणि वास सुटतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे ही खरेदी फसली की दोन महिने हात चोळत बसावं लागतं. सुकी सुंगटां (कोळंबी) मात्र नखाने मोडतात का तेवढं बघितलं की पुरे.

सत्तरीवाली · २५ मे, सकाळी ७

घाटाकडे काल वळवाचा पाऊस झाला, आजही ढग आहेत. आमच्याकडची भिरंडं उशिरा पिकतात. वीस किलो फळं अजून झाडावर, आणि घरात चार किलो साली दोनच ऊनं झालेल्या. काय करू? तातडीने सांगा.

झरीकाठ · २५ मे, सकाळी ७.४०

झाडावरच्यांची सोलं करायचा विचार सोडा, सगळ्यांचं आगळ करा. फळं अर्धी करून, साली-गर-बिया सगळं एकत्र, दहा किलोला दोन किलो मीठ. बरणीत घालून लाकडी डावाने सकाळ-संध्याकाळ तळापासून हलवायचं, आठ दिवस. मग गाळून काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरायचं. एक चमचा आगळ म्हणजे तीन-चार सोलांचा आंबटपणा, आणि मीठही त्यातच आलं, तेव्हा हुमणात मीठ आगळानंतर चाखून घाला. मीठ दोन किलोपेक्षा कमी करू नका. कमी केलं की बाटलीत आंबून बूच उडतं.

घरातल्या चार किलो सालींची रास मोडा. आत्ता, चहा व्हायच्या आधी. ढिगात त्या आतून तापतात आणि संध्याकाळपर्यंत बुळबुळीत होतात. पंख्याखाली एकेरी पसरा, रसात बुडवणं थांबवा. चुलीवर माळा असेल तर तिथे डाळीवर टाका, धुराची चव लागते पण वाचतात. ओव्हन असेल तर ६० अंशांवर, दार जरा उघडं ठेवून, तीन-चार तास. यातलं काही जमत नसेल तर त्याही आगळात ढकला, वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं मीठ वाढवून.

सत्तरीवाली · २५ मे, रात्री ९

साली माळ्यावर गेल्या, फळं उतरवून आगळाला घातली. मीठ मुरलेलंच वापरलं.

झरीकाठ · २५ मे, रात्री ९.३०

उत्तम. बियांसकट गाळ उरेल तो पिळून घ्या, बिया भिरंडेलाला.

नवा_संसार · १३ जून

तोरां छान झाली, खार स्वच्छ आहे. आता बाजारात तायकिळो (टाकळा) आलाय. पहिल्यांदाच करायचा आहे. तो ओळखायचा कसा आणि करायचा कसा?

सत्तरीवाली · १३ जून

ओळख आधी नीट करा. तायकिळ्याच्या एका काडीवर पानांच्या तीनच जोड्या असतात, टोकाकडे गोल, आणि संध्याकाळी पानं मिटतात. चार-पाच जोड्या आणि टोकदार पानं, चुरडल्यावर उग्र वास, असं झाड आलं तर ते निराळं, ते खात नाहीत. वीतभर उंचीचं, फूल न धरलेलं झाड घ्यावं. नंतर पान चामट आणि कडू होतं.

पाव किलो कोवळी पानं निवडून, अख्खी धुऊन मग चिरावीत. चिरून धुतली तर चव पाण्याबरोबर जाते. बारा-पंधरा बिकणां माती धुऊन, पांढरी साल सोलून, मीठ घालून तीन शिट्ट्या. तांबूस पातळ साल राहू द्या. दोन चमचे खोबरेलात दोन हिरव्या मिरच्या आणि एक कांदा परतून पानं घालावीत, झाकण ठेवून पाच-सात मिनिटं. पाणी घालायचं नाही, पानांचंच सुटतं. मग बिकणां ठेचून, सुपारीएवढा गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, आणि पाणी आटेपर्यंत उघडं. गूळ गोडीसाठी नाही, कडवटपणा उतरवायला.

तेरें करणार असाल तर हाताला खोबरेल लावून चिरा, आणि शिजताना पाच-सहा सोलं घालाच. घशाला खाज येते ती पानातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांनी. आंबट आणि भरपूर शिजवणं, दोन्ही लागतं. नुसती सोलं टाकून कच्चट ठेवलं तर खाजतंच.

नवा_संसार · १४ जून

धन्यवाद. एकच अडचण. आमच्याकडे चूल नाही, धूर नाही. मिरच्या, सुकी सुंगटां आताच जरा मऊ लागताहेत.

खाजनबांध · १४ जून

गॅसच्या घरात माळ्याची ऊब नसते, म्हणून साठवणच निराळी करावी लागते. मोठा डबा रोज उघडला की रोज ओल आत जाते. आठवड्याला पुरेल एवढा एक लहान डबा स्वयंपाकघरात, बाकीचं पंधरा दिवसांच्या मापाने घट्ट झाकणाच्या लहान लहान डब्यांत, भिंतीपासून चार बोटं सोडून, जमिनीवर नाही. आता मऊ पडलेल्या मिरच्या जाड तव्यावर अगदी मंद आचेवर हलवत राहा. रंग बदलायच्या आत उतरवा, पूर्ण गार करा, मगच डब्यात. सुंगटां तशीच, पण निराळ्या तव्यात.

श्रावणात दोन-तीन दिवसांची उघडीप येते. तेव्हा सकाळी दहानंतर बाहेर काढायचं आणि तीनच्या आत आत घ्यायचं. चार वाजल्यानंतरचं ऊन दिसायला ऊन असतं, हवा मात्र ओली झालेली असते. बिकणां आणि तोरां या वेळी बाहेर काढू नका, त्यांना उन्हाची गरज नाही.